देवयानीला धरून ठेवणारं कोण?



या वेळचा लेख म्हणजे एका उधारीची परतफेड आहे. कोजागरीच्या रात्री आमच्या इमारतीच्या गच्चीवर सगळे जमलो होतो. आम्ही बडोद्याला राहतो. इमारतीत मराठी घरं चार-पाचच, पण मसाला दुधाला सगळे मजले हजर असतात. दूध आटेपर्यंत काहीतरी सांगा, असा आग्रह झाला. मी आपला आकाशाकडे बोट दाखवून सुरू झालो. बोलता बोलता म्हणून गेलो, "हे जे दिसतंय ना, ते विश्वातल्या पदार्थाचा थोडासाच भाग आहे. त्याच्या पाचपट पदार्थ असा आहे, जो कोणालाच दिसत नाही."

समोर सातवीतली एक मुलगी बसली होती. तिने शांतपणे विचारलं, "काका, दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी तो आहे म्हणता. मग भुतात आणि त्याच्यात फरक काय?"

सगळे हसले. तिची आजी म्हणाली, "अगदी बरोबर विचारलंस बघ!" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. गडबड झाली, पेले वाटले गेले, विषय तिथेच राहिला. खरं सांगू? दूध उतू गेलं म्हणून मी वाचलो. दोन वाक्यांत देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

ते उत्तर आज देतो. थोडं लांब आहे, पण वाटेत गणित नाही. गोफण मात्र आहे.

गोफण आणि दगड

शेतात पाखरं राखायला गोफण वापरतात, ती तुम्ही पाहिली असेल. नसेल, तर आजी-आजोबांना विचारा. दोरीच्या मधल्या खोबणीत दगड ठेवायचा आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचा. दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत आत ओढत असते. दोरी सुटली की दगड सरळ रेषेत भिरकावला जातो.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, जितका वेग जास्त, तितकी दोरीवरची ओढ जास्त लागते. त्याच लांबीच्या दोरीवर वेग दुप्पट केला तर ओढ चौपट लागते. दुसरी गोष्ट, दगड किती वेगाने फिरतोय हे कळलं, तर दोरी किती जोराने ओढतेय हे हिशेबाने सांगता येतं. दोरी डोळ्यांना दिसली नाही तरी चालतं.

आकाशात हेच घडतं. तिथे दोरीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आणि सूर्य तिला ओढून धरतो. सूर्याच्या जवळचा बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर पळतो. सगळ्यात लांबचा नेपच्यून मात्र रमतगमत चालतो, सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या आतच. त्याला एक फेरी पुरी करायला जवळपास १६५ वर्षं लागतात.

हे असंच व्हायला हवं. सूर्यमालेतलं जवळजवळ सगळं वजन एकट्या सूर्यात आहे. त्याच्यापासून जितकं लांब जावं तितकी ओढ कमी. ओढ कमी तर वेगही कमी. लांबचा ग्रह जवळच्या ग्रहाच्या वेगाने पळू लागला, तर सूर्याला तो धरून ठेवता येणार नाही.

तुम्ही आत्ता स्थिर बसला आहात?

हा लेख वाचायला तुम्हाला साधारण दहा मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात तुम्ही सव्वा लाख किलोमीटरहून जास्त प्रवास केलेला असेल. पृथ्वी सूर्याभोवती फिरते तो प्रवास यात धरलेलाच नाही.

आपला सूर्य ज्या प्रचंड ताऱ्यांच्या वस्तीत राहतो, तिला आपण आकाशगंगा म्हणतो. अशा प्रत्येक वस्तीला मराठीत दीर्घिका म्हणतात. आकाशगंगा ही आपली दीर्घिका. तिच्या केंद्रापासून सूर्य सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं लांब आहे. आपल्या सगळ्या ग्रहांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन तो सेकंदाला साधारण २२० किलोमीटर वेगाने केंद्राभोवती फिरतो. एक फेरी पुरी व्हायला २२ ते २५ कोटी वर्षं लागतात. मागच्या वेळी सूर्य याच ठिकाणी होता, तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरचं राज्य नुकतंच सुरू होत होतं.

आणि आकाशगंगा तरी कुठे स्थिर आहे? शेजारची देवयानी दीर्घिका आणि आपण सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने एकमेकींकडे सरकत आहोत. दोघींची टक्कर नक्की होणार, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०२५ साली आलेल्या एका नव्या हिशेबानुसार पुढच्या १,००० कोटी वर्षांत तशी शक्यता साधारण निम्मी-निम्मी आहे. शिवाय देवयानी, आपण आणि आसपासच्या लहान दीर्घिका मिळून जो शेजार बनतो, तो सगळाच्या सगळा सेकंदाला ६०० किलोमीटरच्या आसपास वेगाने एका दिशेला ओढला जातो आहे. या सगळ्यावर कडी म्हणजे विश्वच प्रसरण पावतं आहे, त्यामुळे खूप लांबच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत.

थोडक्यात, विश्वात कोणीच बसून नाही. आणि जिथे फिरणं आहे, तिथे गोफणीचा हिशेब मांडता येतो.

शिट्टीवरून वेग कसा कळतो

पण २५ लाख प्रकाशवर्षं लांब असलेल्या देवयानीतला तारा किती वेगाने पळतोय, हे कळणार कसं? माणसाच्या आयुष्यभरात तो आपल्याला जागचा हललेलाही दिसत नाही.

यासाठी रेल्वे स्टेशनवर जाऊ. न थांबणारी एक्स्प्रेस भोंगा वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो. गाडी आपल्यासमोरून पुढे गेली की तोच आवाज एकदम खाली येतो. प्रकाशाचंही असंच असतं. जी वस्तू आपल्याकडे येते तिचा प्रकाश किंचित निळ्याकडे झुकतो, दूर जाणारीचा तांबड्याकडे. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, पण प्रकाश वेगवेगळ्या रंगांत पसरवणाऱ्या यंत्रातून, म्हणजे वर्णपटमापकातून, तो नेमका मोजता येतो.

देवयानी ही फिरत्या थाळीसारखी आहे. ती थोडी तिरकी दिसत असल्यामुळे फिरताना तिची एक कड आपल्याकडे येते आणि दुसरी दूर जाते. दोन्हीकडच्या प्रकाशातला फरक मोजला, की थाळीच्या कुठल्या भागाचा वेग किती, हे सांगता येतं.

पुठ्ठ्याच्या दुर्बिणीपासून

हे काम अतिशय चिकाटीने ज्यांनी केलं, त्या बाईंचं नाव व्हेरा रुबिन. जन्म १९२८ चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. दहा-बारा वर्षांची असताना ही मुलगी खिडकीशी पडून रात्रभर तारे सरकताना बघायची. वडील विजेचे इंजिनियर होते. त्यांनी लेकीला पुठ्ठ्याच्या नळकांड्याची दुर्बीण बनवायला मदत केली.

पुढची वाट सोपी नव्हती. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या खगोलशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता, तो १९७५ पर्यंत मिळाला नाही. मग त्या कॉर्नेलला शिकल्या. १९५० च्या डिसेंबरमध्ये दीर्घिकांच्या गतीवर त्यांनी एका परिषदेत निबंध वाचला, तेव्हा त्यांचं पहिलं बाळ महिन्याभराचंही नव्हतं. उपस्थित शास्त्रज्ञांनी निबंधावर टीकाच जास्त केली. तरी त्यांनी पीएच.डी. केली, तीही मुलं सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन. त्यांचे पती त्यांना गाडीने विद्यापीठात सोडायचे आणि वर्ग संपेपर्यंत गाडीतच बसून राहायचे.

कॅलिफोर्नियातल्या प्रसिद्ध पालोमार वेधशाळेत स्त्रियांना अधिकृतपणे निरीक्षणाला परवानगी नसे. रुबिन यांना ती १९६५ साली मिळाली. तिथे स्वच्छतागृह फक्त पुरुषांसाठी होतं. असं सांगतात, की बाईंनी कागदाचा छोटा स्कर्ट कापला, दारावरच्या माणसाच्या चित्राला चिकटवला आणि म्हणाल्या, घ्या, झालं बायकांचं स्वच्छतागृह!

त्यांचे सहकारी केंट फोर्ड यंत्रं बनवण्यात वाकबगार होते. फोर्ड यांनी तयार केलेल्या वर्णपटमापकामुळे अगदी मंद प्रकाशही कमी वेळात टिपता येऊ लागला. हे यंत्र घेऊन दोघं अ‍ॅरिझोनातल्या वेधशाळांमध्ये रात्रीमागून रात्री देवयानीकडे बघत राहिले. तिच्यातल्या ६७ तेजस्वी वायुमेघांचे वेग त्यांनी मोजले, आतल्या भागापासून थेट ८० हजार प्रकाशवर्षांच्या आसपासच्या कडेपर्यंत.

कड मंद व्हायला हवी होती

अपेक्षा काय होती? देवयानीचं फोटोतलं रूप आठवा. मधोमध झळाळी आणि कडेला अंधूक होत गेलेली थाळी. जिथे जास्त प्रकाश तिथे जास्त तारे, जिथे जास्त तारे तिथे जास्त वजन. म्हणजे बहुतेक वजन मध्यभागी. मग सूर्यमालेसारखंच झालं की! कडेचे तारे आणि वायुमेघ नेपच्यूनसारखे रमतगमत चालले पाहिजेत.

ते तसे चालत नव्हते. कडेचे मेघही आतल्या मेघांइतक्याच वेगाने, सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त वेगाने पळत होते. १९७० साली रुबिन आणि फोर्ड यांनी ही मोजणी प्रसिद्ध केली.

गोफणीत विचार करा. दगड इतक्या वेगाने फिरतोय की हातातली दोरी कधीच तुटायला हवी होती. पण तुटत नाही. याचा अर्थ दोरी आपण समजतो त्यापेक्षा खूप मजबूत आहे. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनात तेवढी ओढ नाही. मग ही जास्तीची ओढ कोणाची?

एकच दीर्घिका असती, तर मोजण्यात चूक झाली असं म्हणता आलं असतं. म्हणून त्यांनी आणखी दीर्घिका पाहिल्या. १९८० साली २१ दीर्घिकांची मोजणी प्रसिद्ध झाली आणि तिच्यातही तोच प्रकार दिसला. दरम्यान रेडिओ दुर्बिणींनी थाळीच्या आणखी बाहेर, जिथे तारे जवळपास संपतात पण थंड हायड्रोजन वायू असतो, तिथले वेग मोजले गेले. तिथेही वेग उतरत नव्हता. हायड्रोजनच्या अशाच रेडिओ लहरी टिपणारी आपली जीएमआरटी दुर्बीण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! पुण्याहून नाशिकला जाताना थोडी वाट वाकडी केली तर त्या दिसतील.

साक्षीदार आणखी आहेत

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. भुताच्या गोष्टीत साक्षीदार बहुतेक एकच असतो आणि तोही ऐकीव. इथे एकमेकांना न भेटलेले, वेगवेगळ्या पद्धतीने बघणारे साक्षीदार एकच गोष्ट सांगतात.

पहिला साक्षीदार रुबिनबाईंच्याही आधीचा. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या स्विस शास्त्रज्ञाने कोमा नावाच्या दीर्घिकासमूहाकडे पाहिलं. तिथे हजाराहून जास्त दीर्घिका मधमाश्यांच्या मोहोळासारख्या एकत्र घोंघावतात. त्यांचे वेग इतके जास्त निघाले, की मोहोळ केव्हाच विखुरलं जायला हवं होतं. झ्विकीने न दिसणाऱ्या पदार्थाची कल्पना मांडली. त्याचा आकडा फार मोठा होता आणि पुढे तो कमी करावा लागला. अंतरांची मोजणी सुधारली, समूहात दडलेला तापलेला वायू क्ष-किरणांत सापडला. पण हे सगळं जमेला धरूनही तूट भरून निघाली नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे वाकलेला प्रकाश. जड वस्तूजवळून जाताना प्रकाशाची वाट वाकते, हे आइनस्टाइनने दाखवून दिलं. एखाद्या दीर्घिकासमूहाच्या मागून येणारा प्रकाश किती वाकतो, हे पाहून त्या समूहाचं वजन काढता येतं. इथे कोणाचाही वेग मोजावा लागत नाही. तरी उत्तर तेच येतं: वजन दिसतं त्याहून कितीतरी जास्त.

तिसरा साक्षीदार मला सगळ्यात आवडतो. बुलेट नावाच्या ठिकाणी दोन दीर्घिकासमूह एकमेकांत घुसून आरपार गेले आहेत. दोन वराती एकाच अरुंद रस्त्यावर समोरासमोर आल्या तर काय होईल? तिथे दोन्हीकडचा वायू एकमेकाला धडकला, तापला आणि मध्येच रेंगाळला. समूहातलं दिसणारं बहुतेक वजन या वायूतच असतं. म्हणजे प्रकाश सगळ्यात जास्त वाकायला हवा तो मधल्या वायूपाशी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की तो वाकतो दोन्ही बाजूंना, वायूच्या पुढे. वजनाचा मोठा भाग धक्का न लागता, कोणाशी न अडखळता गर्दीतून पार निघून गेला होता.

या न दिसणाऱ्या पदार्थाला कृष्णद्रव्य म्हणतात, इंग्रजीतून आलेलं नाव डार्क मॅटर. नाव थोडं फसवं आहे. काळी वस्तू प्रकाश अडवते, तिची सावली पडते. हा पदार्थ प्रकाश अडवतही नाही आणि देतही नाही. स्वच्छ पुसलेल्या काचेसारखा म्हणा, तेही स्पर्श न होणाऱ्या काचेसारखा. तो फक्त वजनाने आपली ओळख देतो.

विश्वातलं सगळं सामान १०० रुपयांचं धरलं, तर तारे, ग्रह, वायू, तुम्ही-आम्ही मिळून साधारण ५ रुपये होतात. कृष्णद्रव्य सुमारे २७ रुपयांचं. उरलेले ६८ रुपये कृष्णऊर्जा नावाच्या वेगळ्याच गूढाच्या खात्यात जातात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मग आपल्याला जाणवत कसं नाही?

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. कृष्णद्रव्य इतकं आहे, तर घरात का नाही?

घरातही आहे, पण फार विरळ. आपल्या भागातल्या मोजणीवरून हिशेब केला, तर पृथ्वीच्या आकाराएवढ्या जागेत ते भरेल जेमतेम अर्धा-पाऊण किलो. वाण्याकडून आणलेल्या साखरेच्या पुडीएवढं वजन, आणि ते अख्ख्या पृथ्वीभर पसरलेलं! त्यामुळे सूर्यमालेत त्याचा काही जोर चालत नाही. पण ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागा अफाट असतात आणि कृष्णद्रव्य तिथेही असतं. थेंबे थेंबे तळं साचतं, तसं ते साचत जातं आणि दीर्घिकेच्या पातळीवर तेच भारी पडतं. आपली आकाशगंगा कृष्णद्रव्याच्या एका भल्या मोठ्या गोळ्यात बसलेली आहे, मोदकातल्या सारणासारखी. आपण बघतो ते सारण. पारी दिसत नाही, पण सारण धरून ठेवते तीच.

दीर्घिका मुळात जमल्या त्याही या कृष्णद्रव्याच्या ओढीमुळे, असं आज मानलं जातं. विश्वाच्या सुरुवातीला ते आधी गोळा झालं, मग त्याच्या खळग्यांत साधा वायू उतरला आणि त्यातून तारे पेटले. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली दीर्घिकांचा एक महासमूह शोधल्याचं जाहीर केलं, त्याचं नाव ठेवलं सरस्वती. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब आहे. इतकी मोठी वसाहत एकत्र का जमली, याचं उत्तर शोधतानाही कृष्णद्रव्य विचारात घ्यावंच लागतं.

दोन ग्रहांची गोष्ट

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठरलं तर मग. पण थांबा. त्या मुलीला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर एक गोष्ट सांगायलाच हवी.

एकोणिसाव्या शतकात युरेनस ग्रह हिशेबाप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सच्या ल व्हेरिए याने सांगितलं, पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे, तो याला ओढतोय. कुठे बघायचं तेही सांगितलं. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेने दुर्बीण तिकडे वळवली आणि त्या जागेच्या अगदी जवळ नेपच्यून सापडला. न दिसणारी वस्तू हिशेबाने सांगितली आणि ती खरंच निघाली!

पुढे बुध ग्रहाच्या कक्षेतही किंचित फरक आढळला. ल व्हेरिएने पुन्हा तेच सांगितलं, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. लोकांनी तो वर्षानुवर्षं शोधला, काहींना तो दिसल्यासारखाही वाटला. पण व्हल्कन नव्हताच. १९१५ साली आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला आणि बुधाचा हिशेब बरोबर जुळला. तिथे चूक आपल्या नियमात होती.

एकच माणूस, एकच युक्ती. एकदा वस्तू सापडली, एकदा नियम बदलावा लागला. मग कृष्णद्रव्य नेपच्यून आहे की व्हल्कन?

काही शास्त्रज्ञ अजूनही दुसरी शक्यता तपासतात. १९८३ साली इस्रायलच्या मोर्देहाय मिलग्रोम यांनी सुचवलं, की ओढ फार क्षीण असते तिथे गतीचा नियमच वेगळा असेल. दीर्घिकांचे वेग त्यांच्या सूत्राने चांगले जुळतात. पण दीर्घिकांचे समूह, बुलेट आणि विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश यांचा हिशेब मांडताना ते अडखळतं. म्हणून बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल कृष्णद्रव्याकडे आहे. खुद्द रुबिनबाईंना नियम बदलण्याची शक्यता मोकळी ठेवावीशी वाटायची. ज्यांच्या मोजणीने हा सगळा गोंधळ उडवून दिला, त्यांनीच उत्तराची घाई केली नाही.

शोध चालू आहे

कृष्णद्रव्य कशाचं बनलंय? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच भारतीय शास्त्रज्ञ रामनाथ कौसिक आणि मॅक्लेलंड यांनी सुचवलं होतं, की न्यूट्रिनो कणांना थोडंसं वजन असेल तर त्यांची मिळून ओढ दीर्घिकासमूहांत मोठी ठरेल. पुढे कळलं, की न्यूट्रिनोंना वजन आहे पण ते फारच कमी, आणि ते इतके वेगवान आहेत की एकट्याने हे काम करू शकत नाहीत. पण न पाहिलेल्या कणांकडे बोट दाखवणारा तो विचार टिकला.

आता शास्त्रज्ञ अशा कणाची वाट बघत जमिनीखाली बसले आहेत. वरून येणाऱ्या वैश्विक किरणांचा गोंगाट टाळायला खोल खाणींत प्रयोगशाळा आहेत. अमेरिकेत साउथ डकोटामधल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, द्रवरूप झेनॉनने भरलेली टाकी ठेवली आहे. झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत, ५५५ मीटर खोल, साहा संस्थेची प्रयोगशाळा २०१७ साली सुरू झाली. एखादा कृष्णद्रव्याचा कण चुकून तिथल्या अणूवर आपटला तर क्षणभर खूण उमटेल, ही आशा. अजून कुठेही सर्वांना मान्य होईल अशी खूण मिळालेली नाही.

व्हेरा रुबिन २०१६ च्या नाताळच्या दिवशी गेल्या. त्यांना नोबेल मिळालं नाही. त्यांच्या चारही मुलांनी विज्ञान-गणितात पीएच.डी. केली. चिलीतल्या डोंगरावर उभी राहिलेली नवी वेधशाळा आज त्यांचं नाव लावते. तिने टिपलेली पहिली छायाचित्रं २०२५ च्या जूनमध्ये जगाने पाहिली. पुढची दहा वर्षं ती दक्षिणेचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार आहे आणि कृष्णद्रव्याचा माग काढणं हे तिच्या मुख्य कामांपैकी एक आहे.

तर, फरक काय?

बाळ, आता तुझं उत्तर. भूत आणि कृष्णद्रव्य, दोन्ही दिसत नाहीत, हे खरं. पण भूत कुठे किती आहे, हे कोणी मोजून सांगत नाही. कृष्णद्रव्य मोजता येतं, आणि वेगवेगळ्या वाटांनी मोजलं तरी आकडे जुळतात. शिवाय, भूत नाही असं सिद्ध करायचं तर काय दिसायला हवं, हे भूत मानणारा कधी सांगत नाही. कृष्णद्रव्याचा अभ्यास करणारे सांगतात: अमुक प्रयोग करा, तमुक दिसलं तर आम्ही चुकलो. ते खाणीत उतरून चाळीस वर्षं हेच तपासत आहेत. उद्या हा व्हल्कन निघाला, तर तेही तेच सांगतील.

आणि आजी, तुमचं हसणं बरोबरच होतं. "आहे म्हणजे आहे" एवढंच मी सांगितलं असतं, तर मीही भुताचीच गोष्ट सांगितली असती.

या आठवड्यातला गृहपाठ

कोजागरीच्या चांदण्यात देवयानी हरवून जाते. म्हणून दिवाळी झाली की, कार्तिक-मार्गशीर्षातल्या एखाद्या चंद्र नसलेल्या रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर किंवा गावाबाहेर जा. डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, तो भाद्रपदांचा चौकोन. त्याच्या ईशान्येच्या ताऱ्यापासून पुढे देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. ओळीतला दुसरा ठळक तारा गाठा आणि तिथून उत्तरेकडे वळा. दोन मंद तारे ओलांडले की धुरकट पुंजका दिसेल, आरशावर श्वास सोडावा तसा. शहरात असाल तर साधी द्विनेत्री घ्या.

तो प्रकाश निघाला तेव्हा माणूस आजच्या रूपात नव्हताही. त्या पुंजक्यात अंदाजे एक लाख कोटी तारे आहेत. तारे दिसतील. त्यांना धरून ठेवणारं मात्र दिसणार नाही, आणि ते नक्की काय आहे हे आज पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नाही. सोबत घरातलं लहान मूल असेल तर त्याला हे जरूर सांगा. मोठं होऊन ते शोधायला जागा अजून रिकामी आहे.

पुढच्या वेळी भेटूच. तोवर तुमचे प्रश्न येऊ द्या, अवघड असतील तर आणखी छान. फक्त दूध गॅसवर ठेवून विचारू नका!